विश्लेषण : ब्रेक नाही, गिअर एकच आणि खर्च स्वतःचा... ब्रिटनमधील हौशी ‘स्पीडवे’ रायडर संकटात का?

ब्रेक नसलेल्या मोटारसायकली, मुरमासारखा भुसभुशीत लंबवर्तुळाकार ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या आणि जेमतेम एक मिनिटाची शर्यत. ‘स्पीडवे’ या खेळाला ब्रिटनमध्ये जवळपास शंभर वर्षे होत आली. या खेळाचे जगज्जेते लाखोंनी कमावतात. पण त्यांच्या खालच्या थरातील हौशी रायडर आठवडाभर नोकरी करून, स्वतःच्या खिशातून इंजिन आणि टायर घेऊन सुट्टीच्या दिवशी ट्रॅकवर उतरतात. आता त्यांच्यासमोरचा प्रश्न पैशांचा कमी आणि जागेचा अधिक आहे. गेल्या दशकभरात ब्रिटनमधील एकामागून एक स्पीडवे स्टेडियम बंद झाली. असे का झाले आणि त्याचा फटका सर्वांत आधी हौशी रायडरना का बसतो, याचा वेध.

स्पीडवे म्हणजे नेमके काय?

रस्त्यावरच्या किंवा मोटोजीपीच्या शर्यतींशी या खेळाचे फारसे नाते नाही. ट्रॅक साधारण २६० ते ४२५ मीटर लांबीचा, सपाट आणि लंबवर्तुळाकार. त्यावर बारीक दगडी भुकटीचा सैल थर. एका शर्यतीत, म्हणजे ‘हीट’मध्ये, चार रायडर. फीत वर उडाली की सुरुवात, घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने चार फेऱ्या आणि शेवट. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. सांघिक सामन्यात यजमान संघाचे दोन आणि पाहुण्या संघाचे दोन रायडर एका हीटमध्ये असतात. यजमानांची हेल्मेट लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी. अशा १५ हीट झाल्या की सामना संपतो. नेहमीचा प्रेक्षक हातातील छापील कार्यक्रमपत्रिकेत पेनाने गुण मांडत बसतो. क्रिकेटचे स्कोअरबुक भरणारी जुनी मंडळी आपल्याकडेही होतीच.

मोटारसायकल ५०० सीसीची, एका सिलिंडरची, एकाच गिअरची. किमान वजन ७७ किलो, म्हणजे आपल्याकडील १०० सीसीच्या साध्या दुचाकीपेक्षाही बरेच कमी. पण त्या दुचाकीची ताकद आठ अश्वशक्तीच्या आसपास असते, तर स्पीडवेच्या इंजिनाची सत्तरच्या घरात. इंधन पेट्रोल नव्हे, मिथेनॉल. विषारी दारूकांडाच्या बातम्यांत ज्याचे नाव येते, तेच हे रसायन. दिवसाच्या उजेडात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे आग लागली तरी पटकन कळत नाही. 

मोटारसायकली बनवणाऱ्यांमध्ये एक नाव मराठी वाचकाच्या घरातले आहे : ‘जावा’. वडिलांच्या पिढीने वापरलेली जावा म्हैसूरच्या कारखान्यातून आली. त्याच नावाच्या स्पीडवे मोटारसायकली झेक प्रजासत्ताकातील दिव्हिशोव्ह गावात घडल्या. तेथील ‘एसो’ हा कारखाना १९६४ मध्ये जावात विलीन झाला आणि पुढे अनेक दशके जगभरच्या ट्रॅकवर हे नाव दिसत राहिले.

ब्रेक नसताना वळण कसे घेतात?

ब्रेक नसणे हा वेडेपणा वाटेल, पण तो सुरक्षेचाच भाग आहे. चौघे एकमेकांना खेटून धावत असताना पुढच्याने अचानक ब्रेक दाबला तर मागच्याला वाव उरणार नाही. वेग कमी होतो तो मागचे चाक आडवे घसरवून. वळण डावीकडे असते, पण रायडर पुढचे चाक उजवीकडे वळवतो, मागचे चाक जोरात फिरवून बाहेरच्या बाजूला घसरू देतो आणि डाव्या बुटाखाली बांधलेला पोलादी तळ जमिनीवर टेकवून तोल धरतो. वळणावर मोटारसायकलची दिशा हँडलइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, थ्रॉटलने ठरते.

नवशिक्याची खरी अडचण इथेच होते. भीती वाटली की माणसाचा हात आपोआप थ्रॉटल सोडतो. स्पीडवेत नेमके तेच करायचे नसते. घसरणाऱ्या चाकाची गती एकदम कमी झाली की टायर जमीन पकडतो, मोटारसायकल झटक्यात सरळ होते आणि थेट कुंपणाकडे निघते. म्हणजे भीती वाटते त्या क्षणी वेग सोडायचा नाही, हे शरीराला शिकवावे लागते. पुस्तक वाचून किंवा व्हिडिओ पाहून ते येत नाही. त्यासाठी ट्रॅकवर शेकडो फेऱ्या माराव्या लागतात आणि त्या फेऱ्या मारायला ट्रॅक लागतो. बंद पडणाऱ्या स्टेडियमचा प्रश्न केवळ जुन्या आठवणींचा नाही, तो इथून सुरू होतो.

‘हौशी’ रायडर कोणाला म्हणायचे?

ब्रिटनमध्ये वरच्या दोन स्तरांना प्रीमियरशिप आणि चॅम्पियनशिप म्हणतात. त्यांच्या खालची तिसरी श्रेणी नव्या आणि हौशी रायडरसाठी. तिचे नाव सतत बदलत आले. १९९७ मध्ये तर तिला सरळ ‘अॅमेच्युअर लीग’च म्हटले गेले. पुढे कॉन्फरन्स लीग, २००९ पासून नॅशनल लीग आणि अलीकडे नॅशनल डेव्हलपमेंट लीग. त्याही खाली सरावाचे दिवस असतात, तेथे रायडरला मानधन मिळत नाही. ट्रॅकवर फिरण्यासाठी त्यालाच पैसे भरावे लागतात.

व्यावसायिक आणि हौशी यांच्यातील रेघ मात्र कागदावर दिसते तितकी ठळक नाही. ब्रिटनमधील स्पीडवे रायडर क्लबचा पगारी नोकर नसतो, तो स्वयंरोजगारित असतो. मोटारसायकल त्याची, व्हॅन त्याची, मेकॅनिक त्याचा. क्लब त्याला गुणांवर पैसे देतो. चार हीटमध्ये शून्य गुण मिळाले तर हाती फारसे काही लागत नाही. टायर मात्र तितकाच झिजलेला असतो. अव्वल रायडर यावर तोडगा काढतात तो अनेक देशांत एकाच वेळी धावून. मंगळवारी स्वीडन, आठवड्याच्या अखेरीस पोलंड, मधल्या दिवशी ब्रिटन किंवा डेन्मार्क असे त्यांचे वेळापत्रक असते. मधल्या फळीतले कित्येक रायडर परवान्यावर व्यावसायिक असले तरी दिवसा गवंडी, वीजतंत्री किंवा गॅरेजमधील कारागीर म्हणून काम करतात. तिसऱ्या श्रेणीत तर हाच नियम.

तिसऱ्या श्रेणीच्या रायडरचा आठवडा कसा जातो? सामना रविवारी असेल तर सोमवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर मोटारसायकल धुणे. मिथेनॉल इंधनमार्गात राहिले तर धातूला खाते, म्हणून ते काढून टाकणे. क्लचच्या पट्ट्या, साखळी, चाकांचे बेअरिंग तपासणे. मागच्या टायरच्या गाठींची एक धार गेली असेल तर टायर काढून उलटा बसवणे, म्हणजे दुसरी धार वापरता येते. इंजिनातील तेल पुन्हा फिरत नाही, एकदा वापरले की बाहेर पडते. त्यामुळे तेही दर वेळी नवे. हे सगळे घराच्या मागच्या शेडमध्ये, बहुतेक वेळा वडिलांच्या मदतीने. मग रविवारी व्हॅनमध्ये मोटारसायकल चढवून दोन-तीन तासांचा प्रवास. चार हीट मिळाल्या तर प्रत्यक्ष शर्यतीचा वेळ भरतो चार-साडेचार मिनिटे. मध्येच पाऊस आला तर तेवढाही नाही. ट्रॅक चिखल झाला की सामना रद्द आणि डिझेलचा खर्च आपल्या माथी.

पैसा नेमका कुठे जातो?

सर्वांत मोठा खर्च इंजिनाचा. नवे इंजिन घ्यायचे तर काही हजार पौंड मोजावे लागतात आणि ते घेऊनही भागत नाही. उच्च दाबावर, मिथेनॉलवर, पूर्ण ताकदीने चालणाऱ्या या इंजिनांना ठरावीक शर्यतींनंतर उघडून दुरुस्त करावे लागते. ती दुरुस्ती करणारे तज्ज्ञ, म्हणजे ‘ट्यूनर’, मोजकेच. जगज्जेत्याचे इंजिन ज्या बाकावर उघडले जाते त्याच बाकावर कधी कधी हौशी रायडरचेही उघडले जाते, फक्त रांगेत ते मागे असते. त्यामुळे हौशी रायडर सहसा जुने, वरच्या श्रेणीतून उतरलेले इंजिन घेतात. दुसरी मोटारसायकल हाताशी असली तर उत्तम, नसेल तर पहिल्या हीटमध्ये बिघाड झाला की दिवस संपला.

प्रायोजक असतात, पण ते शीतपेये किंवा मोबाइल कंपन्यांचे नव्हेत. गावातील छप्पर दुरुस्त करणारा, टायरवाला, मचाण भाड्याने देणारा, एखाद्या पबचा मालक. ते शंभर-दोनशे पौंड देतात आणि त्यांचे नाव मोटारसायकलच्या मडगार्डवर झळकते. आपल्याकडे गावच्या कुस्तीच्या फडात इनाम जाहीर करणारे दुकानदार असतात, त्याच जातीचे हे लोक. त्यांना जाहिरातीचा परतावा मिळतो म्हणून ते देतात असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मुलगा ओळखीचा असतो, म्हणून देतात.

सरासरीचे गणित हौशी रायडरच्या बाजूने की विरोधात?

ब्रिटिश स्पीडवेतील एक नियम बाहेरच्या माणसाला चक्रावून टाकतो. प्रत्येक रायडरची दर सामन्यातील गुणांची सरासरी काढली जाते आणि संघातील सर्वांच्या सरासरीची बेरीज ठरावीक मर्यादेत बसवावी लागते. श्रीमंत क्लबने सगळे अव्वल रायडर गोळा करू नयेत, हा हेतू. त्यामुळे कमी सरासरीचा रायडर प्रत्येक संघाला हवाच असतो. नवोदिताला दार उघडते ते याच नियमामुळे. २०२१ पासून प्रीमियरशिपमध्ये ‘रायझिंग स्टार’ नावाने तरुण ब्रिटिश रायडरसाठी जागाही राखली गेली.

पण याच नियमाची दुसरी बाजू विचित्र आहे. एखाद्याने हंगामभर चांगली कामगिरी केली, सरासरी वाढली, की पुढच्या वर्षी तो संघाच्या गणितात बसत नाही. राखीव म्हणून तो महाग, पहिल्या पाचात धावायला अजून कच्चा. गुण मिळवल्याबद्दल संघातील जागा जावी, असा हा प्रकार. दुसरीकडे रायडरचा एकूण तुटवडा असल्याने वरच्या दोन श्रेणींत एकच रायडर दोन वेगवेगळ्या संघांकडून धावताना दिसतो. ब्रेग्झिटनंतर युरोपीय संघातील रायडरना ब्रिटनमध्ये धावण्यासाठी कामाच्या परवान्याची अट लागू झाली आणि परदेशातून नवखे रायडर आणून जागा भरण्याचा जुना मार्ग अरुंद झाला. म्हणजे देशातील हौशी रायडरची गरज आज पूर्वीपेक्षा जास्त आहे आणि त्याला शिकायला जागा मात्र पूर्वीपेक्षा कमी.

दुखापतींचे काय?

या खेळात दुखापत होईल का, असे कोणी विचारत नाही. केव्हा होईल, असे विचारतात. गळपट्टीचे हाड, मनगट, मांडी, घोटा या नेहमीच्या जागा. सुरक्षेची साधने वाढली आहेत. मनगटाला बांधलेली दोरी रायडर पडताच इंजिन बंद करते, अनेक ट्रॅकवर कुंपणापुढे हवा भरलेल्या गाद्या असतात आणि रुग्णवाहिका जागेवर नसेल तर शर्यत सुरूच होत नाही. एखाद्याला रुग्णालयात नेले तर दुसरी गाडी येईपर्यंत सगळे थांबतात.

तरीही धोका संपत नाही. ब्रिटनचा ली रिचर्डसन मे २०१२ मध्ये पोलंडमधील व्रोत्स्वाफ येथे अपघातात मरण पावला. ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड, ज्याच्याकडे भावी जगज्जेता म्हणून पाहिले जात होते, ऑगस्ट २०१५ मध्ये झिएलोना गुरा येथील अपघातानंतर कमरेखाली लुळा पडला. तीन वेळा जगज्जेता ठरलेला ब्रिटनचा ताय वॉफिंडन मार्च २०२५ मध्ये पोलंडमधील क्रॉस्नो येथे हंगाम सुरू होण्याआधीच्या लढतीत पडला आणि त्याची अनेक हाडे मोडली.

ही अव्वल रायडरची नावे, म्हणून जगाला कळली. हौशी रायडर पडतो तेव्हा बातमी होत नाही, पण सोमवारी त्याला कामावर जाता येत नाही. छपरावर चढणाऱ्या किंवा वीजजोडणी करणाऱ्या माणसाचे मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेले की सहा आठवड्यांची मजुरी जाते. जखमी रायडरना मदत करणारा ‘स्पीडवे रायडर्स बेनेव्होलंट फंड’ आहे, तो प्रेक्षकांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालतो. उपचार सरकारी आरोग्यसेवेत होतात. घराचा हप्ता मात्र स्वतःलाच भरावा लागतो.

तरीही या थराला महत्त्व का?

कारण जगज्जेते इथूनच येतात. वॉफिंडनचेच उदाहरण घ्या. जन्म इंग्लंडमधील स्कन्थॉर्पचा, बालपण ऑस्ट्रेलियात. वडील रॉब हेही स्पीडवे रायडर. २००६ मध्ये कुटुंब इंग्लंडला परतले आणि स्कन्थॉर्पच्या ट्रॅकवरच कॅराव्हॅनमध्ये राहू लागले. मुलगा तिसऱ्या श्रेणीत, कॉन्फरन्स लीगमध्ये धावू लागला. दाराबाहेर पडले की ट्रॅक. २०१३ मध्ये तो जगज्जेता झाला, पुढे २०१५ आणि २०१८ मध्येही. २०२१ मध्ये ब्रिटनने मँचेस्टर येथे ‘स्पीडवे ऑफ नेशन्स’ जिंकले, तेव्हा १९८९ नंतर प्रथमच सांघिक जागतिक विजेतेपद देशाकडे आले होते.

पूर्वी मुख्य सामना संपल्यावर त्याच ट्रॅकवर नवशिक्यांच्या शर्यती होत, त्याला ‘सेकंड हाफ’ म्हणत. प्रेक्षक बसलेले असत, दिवे लागलेले असत, रुग्णवाहिका उभी असे. वेगळा खर्च न करता मुलांना अनुभव मिळे. स्टेडियम भाड्याचे झाले, वेळेची बंधने आली आणि ही पद्धत आक्रसत गेली. आता नवशिक्यासाठी वेगळा दिवस, वेगळे भाडे, वेगळी रुग्णवाहिका. खर्च वाढला आणि तो रायडरच्या खिशावर आला.

स्टेडियम बंद का पडत आहेत?

ब्रिटनमध्ये हा खेळ रुजला तो १९२८ मध्ये. लंडनजवळ हाय बीच येथे १९ फेब्रुवारी १९२८ रोजी झालेली शर्यत देशातील पहिली मानली जाते. त्याच वर्षी अनेक शहरांत ट्रॅक उभे राहिले. १९३६ मध्ये वेम्ब्ली येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. १९८१ मध्ये त्याच वेम्ब्लीवर अंतिम लढत पाहायला सुमारे ९० हजार लोक आले होते. त्यानंतर गर्दी ओसरली. दूरचित्रवाणी, फुटबॉल, मोटारीने फिरायला जाण्याची सवय अशी अनेक कारणे सांगितली जातात. पण प्रेक्षक कमी झाले म्हणून ट्रॅक बंद पडले, हे उत्तर अर्धेच आहे. कमी प्रेक्षकांवरही क्लब तग धरून असतात. पायाखालची जमीनच गेली तर इलाज नसतो.

बहुतेक ब्रिटिश क्लबकडे स्वतःचे स्टेडियम नाही. ते भाडेकरू आहेत. अनेक ठिकाणी मूळ धंदा ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींचा, त्यांच्या धावपट्टीच्या आत स्पीडवेचा ट्रॅक. मालकाला कुत्र्यांच्या शर्यती परवडेनाशा झाल्या, किंवा उलट स्पीडवे गैरसोयीचा वाटू लागला, की भाडेकरार संपतो. आणि ही स्टेडियम एकेकाळी शहराबाहेर होती, आता शहर त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचले आहे. त्या जमिनीवर घरे बांधली तर मिळणारा पैसा शर्यतीच्या तिकिटांतून कधीच मिळणार नाही. मुंबई-पुण्यातील गिरण्या, चित्रपटगृहे आणि मैदाने पाहिलेल्या वाचकाला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

यादी मोठी आहे. कॉव्हेंट्रीतील ब्रँडन स्टेडियमवर १९२८ पासून शर्यती होत, २०१६ हा तेथील शेवटचा हंगाम. लेकसाइड आणि राय हाउस २०१८ मध्ये संपले. स्विंडनने २०१९ मध्ये प्रीमियरशिप जिंकली आणि त्यानंतर त्या ट्रॅकवर हंगाम झालाच नाही. विजेतेपद हीच अखेर ठरली. पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन हे दोन्ही क्लब २०२३ च्या हंगामानंतर बेघर झाले. उलट दिशेचेही एखादे उदाहरण आहे. ऑक्सफर्डचे स्टेडियम अनेक वर्षे बंद होते, तेथे २०२२ मध्ये पुन्हा शर्यती झाल्या. पण अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी.

प्रत्येक बंद स्टेडियमबरोबर हौशी रायडरचे दुहेरी नुकसान होते. वरच्या श्रेणीचा रायडर दुसऱ्या शहरातील क्लबकडे जातो. त्याला बोलावणारे कोणीतरी असते. हौशी रायडर मात्र घराजवळच्या ट्रॅकवर अवलंबून असतो. जवळचा ट्रॅक गेला की पुढचा दीडशे-दोनशे किलोमीटरवर. शिवाय जे ट्रॅक उरले, त्यांवर वरच्या श्रेणीच्या सामन्यांना आधी तारखा मिळतात. केंटमधील आयवेडसारख्या निव्वळ सरावाच्या ट्रॅकवर पिढ्यान्‌पिढ्या रायडर शिकले, पण अशा जागा थोड्याच.

आवाजाचा खटला काय होता?

जमिनीइतकाच कटकटीचा विषय म्हणजे आवाज. सफोक परगण्यातील मिल्डनहॉल हे ‘फेन टायगर्स’ या तिसऱ्या श्रेणीच्या संघाचे घर. शेतांच्या मधोमध असलेल्या या स्टेडियमवर १९७० च्या दशकापासून शर्यती होत आहेत. २००६ मध्ये एका दांपत्याने तेथून काहीशे मीटरवरील बंगला विकत घेतला आणि नंतर आवाजाचा त्रास होतो म्हणून दावा केला. प्रकरण थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘स्टेडियम आधीपासून होते, तुम्ही नंतर राहायला आलात’ हा सर्वसामान्य माणसाला पटणारा युक्तिवाद. पण २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले, की तक्रारदार नंतर आला एवढ्या कारणाने उपद्रवाचा दावा फेटाळता येत नाही आणि शर्यतींना नियोजन परवानगी होती, म्हणूनही शेजाऱ्याचा हक्क आपोआप संपत नाही. निकाल दांपत्याच्या बाजूने लागला. त्याच वेळी, प्रत्येक वेळी मनाई हुकूमच द्यावा असे नाही, भरपाईचाही विचार व्हावा, असा मार्ग न्यायालयाने मोकळा ठेवला.

मिल्डनहॉलचा संघ त्यानंतरही धावत राहिला. मात्र या निकालाने देशभरच्या लहान क्लबना एक धडकी भरवली. मोठ्या स्टेडियमला वकील परवडतो, आवाज अडवणाऱ्या भिंती परवडतात. स्वयंसेवकांवर चालणाऱ्या, रविवारी दुपारी दोन-तीनशे प्रेक्षकांसमोर शर्यती भरवणाऱ्या क्लबला एका नव्या शेजाऱ्याची नोटीसही भारी पडू शकते. शेजाऱ्यांची बाजू खोटी आहे असे नाही. सायलेन्सर लावूनही चार स्पीडवे इंजिनांचा आवाज कानठळ्या बसवणाराच असतो. पण नवी घरे स्टेडियमच्या जवळ बांधायला परवानगी द्यायची आणि मग घरमालकांच्या तक्रारीवर स्टेडियमला वेसण घालायची, या क्रमात हरणार कोण हे आधीच ठरलेले असते.

पोलंडला जमते ते ब्रिटनला का जमत नाही?

आज स्पीडवेची राजधानी पोलंड आहे. बार्तोश झ्मार्झलिक याने २०२५ मध्ये सहावे जागतिक विजेतेपद मिळवले आणि न्यूझीलंडचा इव्हान मॉगर व स्वीडनचा टोनी रिकार्डसन यांच्या विक्रमाशी बरोबरी केली. तेथील लीगचे सामने दूरचित्रवाणीवर दिसतात, मैदाने भरतात. त्यामागे चाहत्यांचे वेड आहेच, पण मुद्दा मालकीचा आहे. तेथे बहुतेक स्टेडियम महापालिकांच्या मालकीची आहेत. लेश्नो, गोझूव्ह, तोरून अशा मध्यम आकाराच्या शहरांत स्पीडवे क्लब ही शहराची ओळख मानली जाते. तोरून येथे तर खास स्पीडवेसाठी बांधलेले ‘मोटोअरेना’ २००९ मध्ये उभे राहिले. जमीन शहराची असल्याने ती बिल्डरला देण्याचा निर्णय बंद खोलीत होत नाही. शिवाय प्रत्येक संघात तरुण रायडर खेळवण्याची सक्ती आहे आणि परवाना मिळण्यासाठी ट्रॅकवर परीक्षा द्यावी लागते, त्यामुळे शिकवण्याची जबाबदारी क्लबवर येते, वडिलांच्या शेडवर नाही.

ब्रिटनमध्ये या वाटेने जाणारे एक ठळक उदाहरण आहे. मँचेस्टर महापालिकेच्या पुढाकाराने बेल व्ह्यू भागात ‘नॅशनल स्पीडवे स्टेडियम’ बांधले गेले आणि २०१६ मध्ये सुरू झाले. उद्‌घाटनाचाच सामना ट्रॅक नीट न बसल्याने रद्द करावा लागला, ही गोष्ट वेगळी. तेथे वरच्या श्रेणीच्या ‘एसेस’बरोबर ‘कोल्ट्स’ हा नवोदितांचा संघही धावू लागला. कार्डिफच्या विशाल फुटबॉल-रग्बी स्टेडियमवर २००१ पासून होणारी ब्रिटिश ग्रां प्री २०२५ मध्ये याच मँचेस्टरच्या स्टेडियमवर आली. हजारो आसने रिकामी ठेवून भव्य दिसण्यापेक्षा लहान पण हक्काच्या जागेत भरगच्च गर्दी बरी, हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र मँचेस्टरसारखे दुसरे स्टेडियम सरकारी पैशातून उभे राहण्याची चिन्हे नाहीत.

नियोजन कायदा वाचवू शकतो का?

काही प्रमाणात. इंग्लंडच्या नियोजन धोरणानुसार खेळाची जागा अतिरिक्त ठरल्याशिवाय, किंवा तिच्या तोडीची पर्यायी जागा दिल्याशिवाय, तिथे बांधकामाला परवानगी देऊ नये. याची कसोटी कॉव्हेंट्रीत लागली. ब्रँडन स्टेडियमच्या जागेवर शंभराहून अधिक घरे आणि एक कृत्रिम हिरवळीचे फुटबॉल मैदान बांधण्याचा प्रस्ताव होता. फुटबॉलचे मैदान हा स्पीडवे ट्रॅकला पर्याय होऊ शकतो का, हा वादाचा गाभा. चाहत्यांनी ‘सेव्ह कॉव्हेंट्री स्पीडवे’ या नावाने वर्षानुवर्षे कागदपत्रे जमवली, तज्ज्ञ उभे केले. २०२२ मध्ये रग्बी बरो कौन्सिलने परवानगी नाकारली आणि त्यावरील विकासकाचे अपीलही फेटाळले गेले.

चाहत्यांनी जल्लोष केला, तो योग्यच होता. पण कायद्याने घरे अडवली, शर्यती परत आणल्या नाहीत. परवानगी नाकारली म्हणून खासगी मालकाने स्टेडियम दुरुस्त करावे किंवा क्लबला भाड्याने द्यावे, अशी सक्ती करता येत नाही. दरम्यानच्या वर्षांत तोडफोड आणि आगींनी प्रेक्षकगृहाची दुर्दशा झाली, ट्रॅकवर झाडोरा उगवला. २०१६ मध्ये तिथे पहिल्यांदा मोटारसायकलवर बसलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आता पंचविशीत आहे. त्याच्यासाठी सर्वांत जवळचा उपयोगाचा ट्रॅक आज लेस्टरचा.